जांभळाखालचा पाचोळा

फौजेत मी एक गोष्ट पक्की शिकलो. झाडाखाली पान दिसता कामा नये. बुंध्याला खाली गेरू, वर चुना, भोवतीनं तिरक्या विटांचं कडं, आणि आतली जमीन अशी लखलखीत की साहेबाला तिच्यावर खराट्याच्या रेघा दिसल्या पाहिजेत. त्या दिसल्या नाहीत म्हणून मी भल्याभल्या जवानांना पळवलेलं आहे. झाडाला यातलं काय हवं असतं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्यालाही पळवलं असतं.

त्यामुळे आमच्या लेकीचं झाड लावलं, तेव्हा मी दुसरं काय करणार होतो?

आमचं गाव कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात, चहूकडं ऊस. रक्षा नदीत न सोडता आपल्याच शेतात खड्डा घ्यायचा, त्यात ती घालायची आणि वर झाड लावायचं, असं आता आमच्या भागात बरीच घरं करतात. झाडाचा शोध घ्यावा लागला नाही. ते परसात, दुधाच्या पिशवीत उगवलेलं तयारच होतं. लेक वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होती आणि त्यासाठी पाटणच्या वरच्या अंगाला एका देवराईत सारखी जायची. देवराईतलं काही घरी आणायचं नाही, वाळलेलं पानसुद्धा नाही, असा तिथला नेम. पण वाटेवरच्या जांभळाला तो नेम लागू नाही, असं म्हणत तिनं एकदा ओंजळभर जांभळं खाल्ली आणि एक बी रुमालात बांधून आणली. रोप वीतभर झालं आणि तिला ताप आला. साधा ताप म्हणून गावातच गोळ्या घेतल्या. सांगलीला नेईपर्यंत डेंग्यू फार पुढं गेला होता. त्यापुढचं मला लिहायचं नाही.

मळ्याच्या कडेला, विहिरीजवळ ते जांभूळ लावलं. मी विटा तिरक्या रोवल्या, रोप जरा जाड झाल्यावर त्याला गेरू-चुना दिला. बायकोनं खराटा घेतला. रोज सकाळी, चहा घ्यायच्या आधी, ती जाऊन त्या कड्यातलं पान न् पान गोळा करायची. पोरीची वेणी घालावी तशी हलक्या हातानं ती तेवढी जागा झाडायची. गोळा केलेली पानं उसाच्या पाचटाबरोबर बांधावर पेटवून द्यायची. मी एकदा म्हटलं, "अगं, एखाद्या दिवशी न्हाई झाडलं तर काय बिघडतंय?"

"तिच्या दारात कचरा नगं," ती म्हणाली. पुढं बोलायची सोयच ठेवली नाही.

पहिली दोन वर्षं झाड बरं वाढलं. माझ्या खांद्याला लागलं तेव्हा मी त्याच्याशेजारी उभा राहून बघायचो. लेकीची उंचीही तेवढीच होती. मग खालची पानं फिकी पडायला लागली. हिरवी, मग पोपटी, मग पिवळी, मग खाली. वरची पालवी यायची ती आखूड आणि मलूल. तिसरं वर्ष सरता सरता शेंडाच थांबला.

ऊस पिवळा पडला की युरिया, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी आळ्यात युरिया टाकला आणि विहिरीचं पाणी सोडलं. काही दिवसांत झाड असं हिरवं काळंभोर झालं की मी बायकोला हाताला धरून दाखवायला नेलं. ती त्या पानांवरून हात फिरवत राहिली. पण त्या लुसलुशीत फुटव्यावर माव्याची कीड पडली, पानं आक्रसली, आणि पुन्हा तोच पिवळा रंग खालून वर चढायला लागला. मी पुन्हा युरिया टाकला. पुन्हा तेच. आपण देतोय ते कुठं जातंय, हे काही केल्या समजेना.

"आवं, झाड चाललं की वो," एका सकाळी ती म्हणाली. तिच्या हातात खराटा होता आणि त्या दिवशी तिनं तो चालवलाच नव्हता.

"कुठं जातंय? दम धर जरा," मी खेकसलो. मला घाबरलो की खेकसायची सवय आहे, फौजेच्याही आधीपासूनची. खरं म्हणजे तिला जे वाटत होतं तेच मलाही वाटत होतं. हे झाड गेलं तर पोर दुसऱ्यांदा जाणार. या वेळी आमच्या देखत, रोज एक पान असं करत. आणि आम्हाला ते सोसवणार नव्हतं.

त्याच दिवसांत एका मुलीचा फोन आला. लेकीच्याच विभागात ती आता शिकत होती आणि त्याच देवराईत काम करत होती. म्हणाली, "काका, ताईंच्या पिशव्या सापडल्यात. पाचोळ्याखाली. तुम्हाला बघायच्या असतील तर काढायच्या आधी सांगते."

पिशव्यांचं मला माहीत होतं. आमच्याच पडवीत बसून आईलेकींनी त्या शिवल्या होत्या. बारीक भोकांच्या नायलॉनच्या जाळीच्या, हातभर लांब. आत झाडाची वाळकी पानं मोजून भरायची, तोंड शिवायचं, पत्र्याचा बिल्ला बांधायचा आणि जंगलात जमिनीवर ठेवून द्यायच्या. दर काही महिन्यांनी एकेक उचलायची आणि पान किती कुजलं, किती उरलं हे तिथंच बघायचं. "याला सरकार पैसे देतं?" असं मी तेव्हा विचारलं होतं. लेक इतकी हसली होती की तिच्या हातातली सुई पडली. मग आम्ही तिघं त्या पडवीत सुई शोधत बसलो.

आम्ही दोघं एसटीनं कऱ्हाडवरून पाटणला गेलो. तिथून त्या मुलीनं आम्हाला तिच्या गाडीतनं वर नेलं. देवराईच्या तोंडाशी चपला काढल्या. आत पाऊल टाकलं आणि माझ्या फौजी डोळ्यांना आधी कचराच दिसला. पिढ्यान् पिढ्या कुणी खराटा न लावलेली जमीन. घोट्यापर्यंत पाचोळा, त्याखाली काळा चुरा, त्याखाली ओल. वर मात्र झाडं अशी की बघताना टोपी पडावी. एकालाही चुना नव्हता. एकालाही माझ्यासारखा कुणी युरिया घालायला आलेला नव्हता.

मुलीनं एका ऐनाच्या झाडाच्या बुडाशी पाचोळा बाजूला केला. जाळी दिसली. बिल्ल्यावर खिळ्यानं कोरलेला इंग्रजी आकडा होता. सात. त्या सातच्या पोटात आडवी रेघ मारायची आमच्या लेकीची पद्धत होती. बायको खाली बसली.

"उचल की," मी त्या मुलीला म्हटलं.

तिनं पिशवीची कड धरून जरा ओढली. पिशवी येईना. ती जमिनीला शिवल्यासारखी घट्ट बसली होती. मग तिनं वाकून दाखवलं. केसासारखी बारीक मुळं खालून, बाजूनं, जाळीच्या भोकाभोकातून आत शिरली होती आणि आत त्यांचं जाळं झालं होतं. पान एकही उरलं नव्हतं. काळी माती आणि तिच्यात पांढरे धागे.

"ही मुळं कशापायी आत गेल्यात?" बायकोनं विचारलं.

"खायला, काकी."

आणि मग ती सांगत गेली. तिचं बोलणं ऐकताना मला जेवणाच्या ताटावर बसलेली लेक आठवत होती. तीही हेच सांगायची, भाताचा घास हातात तसाच ठेवून. हवेत नत्र भरून राहिलेलं असतं, पण झाडाला ते हवेतून घेता येत नाही. काही शेंगावर्गी झाडं मुळांतल्या गाठींच्या आधारानं घेतात, बाकीच्यांना ते मातीतूनच मिळवावं लागतं. आणि जंगलातल्या मातीत ते येतं मुख्यतः झाडांनी टाकलेल्या पानांतून. पान पडतं, किडे ते कुरतडतात, बुरशी त्यात शिरते, डोळ्यांना न दिसणारे जीव त्याचा भुगा करतात, आणि त्यातलं नत्र हळूहळू मोकळं होतं. ते पांढरे धागे बुरशीचे. मुळं पोचत नाहीत तिथं ते पोचतात आणि झाडाला आणून देतात, झाड त्यांना आपली साखर देतं. गेल्या सालांत टाकलेलंच यंदा खायचं, असं चाललेलं असतं. जमीन उघडी पडली की हे सगळं बंद. मग वरून कितीही ओता, थोडं हवेत उडतं, थोडं पाण्याबरोबर खाली निघून जातं. धरून ठेवणारं कुणी राहत नाही.

बायको माझ्याकडं बघत नव्हती, मी तिच्याकडं बघत नव्हतो.

"आन पिवळं हून पडतं, ते का?" तिनं विचारलं.

"पान टाकायच्या आधी झाड त्यातलं नत्र बरंचसं परत आत ओढून घेतं, काकी. घ्यायचं ते घेतलं की मगच सोडतं. म्हणून ते पिवळं."

बायकोनं जाळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आन हिरवंच पडलं तर?"

"वाऱ्यानं वगैरे? मग मातीला जास्त मिळतं. झाडानं त्यातनं काहीच परत घेतलेलं नसतं ना. सगळं तसंच खाली..." बोलता बोलता ती मुलगी थांबली. तिच्या लक्षात आलं की आपण कुणाला काय सांगतोय. तिनं खाली बघितलं आणि तिचे डोळे भरले.

बायको रडली नाही. रडण्यात ती लग्नापासून माझ्याकडून कधी हरलेली नाही, पण त्या दिवशी रडलो मी. देवराईत, अनोळखी पोरीच्या समोर, तोंडाला टोपी लावून.

मुलीनं पाठीवरच्या सॅकमधून कात्री काढली होती. मुळं कापून जाळी सोडवावी लागणार होती. बायकोनं तिचा हात धरला. "नगं बाई. खात्यात तर खाऊ दे." मग दोन्ही हातांनी तिनं बाजूचा पाचोळा पुन्हा त्या पिशवीवर ओढला, बिल्ला दिसेनासा होईपर्यंत. तिथली मूठभर माती घरी न्यावी असं मला फार वाटलं. मी तसं म्हणालोही. बायकोनं मानेनंच नको म्हटलं. तिथलं तिथंच राहू द्यायचं, हा नेम लेकीनं पाळला होता.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. कऱ्हाड सोडल्यावर म्हणाली, "म्हंजी मी तिला उपाशी ठिवलं व्हय इतकी वर्सं?"

"आपण दोघांनी," मी म्हणालो. यापेक्षा बरं काही सुचलं असतं तर मी तेच बोललो असतो.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी विटा उपटल्या. बांधावर पेटवायला रचलेलं पाचट कवेत भरून आणून आळ्यात पसरलं. शेजारच्या मळेकऱ्यानं बांधावरून हाक दिली, "काय वो फौजी, झाडलोट बंद का काय? साहेब बदलला वाटतं!" मी त्याला हसून हात केला. बायकोनं खराटा पडवीत खुंटीला अडकवला. सोपं वाटतं हे लिहायला. सकाळी जाग आली की तिचे हात काहीतरी शोधायचे. चहाचा कप घेऊन ती जांभळाजवळ जायची आणि पायाशी पडलेल्या पानाकडं बघत उभी राहायची. वाकायची, थांबायची, पुन्हा सरळ व्हायची. तिच्याकडं पोरीसाठी करण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं, आणि ते न करणं हेच आता काम झालं होतं. मला तिची इतकी दया कधी आली नव्हती.

झाड जगेल का, हे मला अजून सांगता येत नाही. ती मुलगी म्हणाली, वेळ लागेल, माती एका सालात होत नाही. पाचटाखाली हात घातला तर आता ओल लागते. गांडुळं आली आहेत. पिवळेपणा वर चढायचा थांबला आहे, आणि यंदा उन्हाळ्यात थांबलेल्या शेंड्याला तांबूस पालवी आली. चारच पानं, पण चकचकीत. बायको ती रोज बघायची आणि कुणाला सांगायची नाही, दृष्ट लागेल म्हणून.

परवा दुपारी वळवाचं वारं सुटलं. पाऊस नाही, नुसतं वारं. पत्रे वाजले, ऊस आडवा झाला. वारं पडल्यावर मी धावत विहिरीकडं गेलो. झाड उभं होतं. पण शेंड्याकडची एक डहाळी मोडून खाली पडली होती, आणि त्या चार पानांतली दोन तिच्याबरोबर गेली होती. तांबूसपणा जाऊन नुकतीच हिरवी झालेली. मी ती उचलायला वाकलो. फेकायला नव्हे. घरात नेऊन ठेवायला, पुस्तकात, देवघरात, कुठंतरी.

बायको मागून आली होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "हिरवी हायती."