कुलपापुढचा सडा

नेकनूरकडं जाणाऱ्या रस्त्यालगत नदीकाठ नव्यानं उभा करायचं काम माझ्याकडं आलं. कागदावर सगळं झकास होतं: सावलीची झाडं, पाणी मुरवणारी पायवाट, बसायला ओटे. आड येत होती फक्त एक गल्ली.

"मॅडम, ओसाड हाय ती," नगरपरिषदेचे साहेब म्हणाले. "सगळ्या दारांला कुलपं. पाडून टाकू."

पाहणी कधी केली होती? दिवाळी झाल्यावर! अहो, बीडच्या माणसाला हे सांगावं लागावं? दिवाळीनंतर गल्लीच्या गल्ली उसाच्या तोडीला जाते, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परतते. माझं टाळकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. एक म्हातारी, मागंपुढं कुणी नसलेली, कुलूप लावलेल्या एकेका दारात शेणाचा सडा टाकत चालली होती. प्यायच्या पाण्याची मारामार, तरी.

"काहून टाकताय, आजी?"

"गल्लीतल्या पोरी सांगून गेल्यात ना, दार कोरडं ठिवू नको म्हून. घराला वाटंल, आपल्याला टाकलं."

मी साहेबांना तिथं आणून उभं केलं आणि कडाकडा भांडले. वळसा घालणारी पायवाट काढून दाखवली. ते कसेबसे कबूल झाले, पण पाडव्याला लोक आले नाहीत तर गल्ली पडणार, म्हणाले.

म्हातारी थंडीतच वारली. लई वाईट वाटलं. आता रोज सकाळी दारं कोरडीच असायची.

पाडव्याच्या तोंडावर ट्रॅक्टर आले, कुलपं निघाली, चुली पेटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नकाशा घेऊन आले आणि म्हातारीच्या बंद दारापाशी थांबले.

"हे तर आता खरंच रिकामं. वारस न्हाई. एवढं तरी पाडू, या टोकाला पायवाट सरळ जाईल."

तेवढ्यात शेजारची सून बादली घेऊन बाहेर आली. स्वतःचं दार सोडून आधी म्हातारीच्या दारात गेली आणि तिथं सडा टाकला.

"इथं कोण राहतं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"आमची म्हातारी," ती म्हणाली, आणि आपल्या दाराकडं वळली.

साहेबांनी नकाशा घडी करून काखेत मारला. ती पायवाट आजही तिथं वाकडीच आहे.