तोडून बघणारी वैदेही

२०२२ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. शिक्षण चौथी, पण मालवण बंदरातल्या निम्म्या ट्रॉलरांची वायरिंग माझ्या हातची. गुडघे होडीला नको म्हणायला लागले तेव्हा एका खाजगी हॉस्पिटलात वायरमन म्हणून लागलो. तिथल्या ऑपरेशन थिएटरात तेव्हा नवी व्यवस्था येत होती. भुलीचं मशीन, नाडी दाखवणारा मॉनिटर, पोटात घालायचा कॅमेरा, सगळं एकमेकांना जोडून भिंतीवरच्या एकाच मोठ्या पडद्यावर दिसणार होतं. वायरी मी ओढल्या. जोडणी करायला आली मसुऱ्याची वैदेही राऊळ. वय पंचवीस.

पहिल्याच दिवशी तिने मी नुकतीच बसवलेली वायर उपटली.

"गो बाय, आताच लावलंय मा ती!"

"म्हणानच काढलंय, आजोबानू. तोडून बघल्याबिगर जोडलां म्हणू नये."

"आजोबा तुझ्या घराकडे. माका काका म्हण."

ती एकेक वायर काढी आणि काय होतं ते बघत राही. मोठा पडदा गेला तर मशीनचा स्वतःचा छोटा पडदा चालू राहतो का? भोंगा वाजतो का? सिस्टरची नजर किती वेळाने वळते? जुने छोटे पडदे अडगळीत टाकायचं चाललं होतं, ते तिने हट्टाने जागेवर ठेवले. डॉक्टर एकदा चिडले, "तुला जोडायला आणलंय की तोडायला?" ती म्हणाली, "सर, कधीतरी तुटणारच. माझ्यासमोर तुटू दे."

वायरींवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. मला वाचता येत नाहीत हे मी सांगितलं नव्हतं, तिने ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चिठ्ठीवर मासा काढलेला. कॅमेऱ्याला सुरमय, मॉनिटरला बांगडा, भुलीच्या मशीनला पेडवा. "काकानू, बांगडो काढा," ती आतून ओरडायची आणि सिस्टर हसायच्या.

खाऱ्या हवेत जोड हिरवे पडतात. होडीवर आम्ही प्रत्येक जोडाला ग्रीस फासतो. एका रविवारी कोणाला न विचारता मी थिएटरातल्या सगळ्या जोडांत बोटाने ग्रीस भरलं.

मंगळवारी एका बाईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन चालू असताना मोठा पडदा काळा झाला. सिस्टर छोट्या मॉनिटरकडे वळल्या, डॉक्टरांनी कॅमेऱ्याच्या जुन्या पडद्यावर बघून काम पुरं केलं. बाई सुखरूप बाहेर आली. मग वैदेहीने पहिलाच जोड काढला तर बोट चिकट. तिने वास घेतला.

"काकानू, ह्यां होडयेचां."

"चाळीस वर्षां लावतंय. एक होडी बंद पडली नाय."

"इंजिन गरम आसता. हय एसीच्या थंडीत ह्यां गोठता, मगे जोड नीट टेकणा नाय."

एवढंच. मग ती बसून एकेक जोड स्पिरिटने पुसत राहिली. मी शिडी घेऊन उभा.

संध्याकाळी डॉक्टरांनी लेखी कारण मागितलं. तिने लिहिलं, जोडांत ग्रीस होतं, तपासायचं राहिलं, जबाबदारी माझी. खाली सही. डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघ." मी दारातच होतो. 'चुकलो' हा शब्द मी होडीवरच्या कुठल्या तांडेलाजवळही कधी काढला नव्हता.

जिन्यात मी तिला गाठलं. "माझां नाव कित्याक नाय घातलंस?"

"त्येंनी इचारल्यानी, जोडणी कोणाची? जोडणी माझी."

"आणि ग्रीस?"

"ता माका कोणी इचारूक नाय." ती चपला घालत होती. "तुमका सांगूचा आसात तर तुमी सांगा. मी कोणाची चाडी करूचंय नाय."

घरी बायकोने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. जेवण बरं झालंय, एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येताच मी त्यांच्या खोलीत गेलो आणि तो कागद मागून घेतला. बसा म्हणाले, बसलो नाही. उभ्यानेच, वैदेहीच्या सहीखाली, जमतील तशा अक्षरांत लिहिलं : ग्रीस मी लावलं. हिला विचारलं नव्हतं. चुकलो. आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं.