तारापदाचं लाजाळू मशीन

तारापद गुछाईतच्या मशीनला लाज वाटते, हे बंगालातल्या तमलूकच्या पलीकडच्या सात गावांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. आमच्याकडे त्याला दुसरं नाव नाही. घरच्या अंगणात ते असं गरजायचं की तळ्यातले मासे उड्या मारायचे. पण सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी, कापणी झालेल्या भातशेतात, बॉक्सच्या स्पर्धेला उभं केलं की पाच मिनिटांत लाल दिवा लागे आणि सोळाच्या सोळा बॉक्स, म्हणजे स्पीकरची खोकी, चिडीचूप. स्पर्धेचा नियम साधा. बॉक्सच्या दोन भिंती समोरासमोर, दोघांनी एकदम वाजवायचं, जो आधी गप्प झाला तो हरला. पाच वर्षं तारापदच आधी गप्प.

समोरची भिंत भवतोष जानाची. या पठ्ठ्यानं आपल्या मशीनचा लाल दिवाच उपटून टाकला होता आणि त्या भोकात उदबत्ती खोचली होती. "तारादा, तुझ्या मशीनला पदर घ्यायला सांग," तो माईकवरून ओरडायचा, "परपुरुष दिसला की लाजतंय बघ!" अख्खं शेत फिदीफिदी हसायचं.

तारापदला ते फार लागायचं. टीव्ही दुरुस्त करता करता हे मशीन त्यानं स्वतः जोडलेलं, बॉक्स स्वतः ठोकलेले. पोरबाळ नव्हतं, सगळा जीव त्या सोळा खोक्यांत. हिरवा दिवा म्हणजे चालू. पिवळा म्हणजे आवाज फाटतोय, आवर जरा. आणि लाल म्हणजे आत काहीतरी जिवावरचं झालंय, म्हणून मशीननं स्वतःच बॉक्सची वाट तोडली. गिऱ्हाइकांना हे तो घोकून घोकून सांगे. स्वतःच्या बाबतीत मात्र शहाण्याचं ठाम मत, की भवतोषनं करणी केली!

सहाव्या वर्षी, स्पर्धेच्या दिवशी सकाळीच त्यानं मशीन उघडलं आणि बॉक्सची वाट तोडणारी ती डबी तारेनं पक्की बांधून टाकली. आता दिवा बोंबलला तरी आवाज बंद होणार नव्हता.

त्याची बायको शेफाली झेंडूचा हार घेऊन दारात उभी होती. "अहो, तो दिवा काय सांगतोय, हे विचारलंत का कधी त्याला?"

"विचारायचंय काय त्यात? घाबरट आहे मेला!"

"घरी नाही तो घाबरत. तिथंच काय होतं?"

"तिथं भवतोष असतो!"

"भवतोष रोज दुकानात येऊन आपला चहा ढोसतो. तेव्हा कुठं जाते तुमची करणी?"

"तू हार दे आणि गप बस," तारापद म्हणाला.

शेतात पोचल्यावर त्यानं दरवर्षीसारखा सगळ्यांत वरच्या बॉक्सवर खिळा ठोकला, शीतलामाईचा फोटो टांगला, हार घातला आणि हात जोडले. पंच भूतनाथकाकांनी मुरमुरे आणि घुगनीच्या उसळीचा घास गिळून शिट्टी फुंकली.

जमीन हादरायला लागली. पाचव्या मिनिटाला लाल दिवा लागला. आवाज मात्र सुरूच! लोक नाचायला लागले, "तारादा! तारादा!" भवतोषचं थोबाड उतरलं. तारापदला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

आणि मग वास आला. तापलेल्या वार्निशचा, करपट. दिवा जळतच होता आणि त्याचं ऐकणारी डबी यानंच बांधून ठेवलेली. एक मिनिट, फक्त एकच मिनिट, त्यानं स्वतःशी घासाघीस केली. समोरचा तो कधीही गप्प होईल! पण आत मशीन जळणार होतं, त्याच्यामागोमाग सोळा बॉक्स भाजून निघणार होते, आणि लाल दिव्याचा अर्थ त्या शेतात त्याच्याइतका कुणालाच कळत नव्हता. त्यानं शिवी हासडली आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

काय हुर्यो उडाली! तारापद धसकटांत बसून ढसाढसा रडला.

रडून झाल्यावर त्यानं डबीची तार सोडली. एकेक बॉक्स एकटा जोडायचा, बारीक आवाज ठेवायचा, वर मूठ आपटायची. पंधरा बॉक्सना काही झालं नाही. सोळावा तो देवीवाला. मूठ बसली आणि लाल दिवा! मागची फळी खोलली तर खिळ्याचं टोक आतल्या वायरीत घुसलेलं. बॉक्स थरथरला की ते टोक दोन्ही तारा एकमेकींना भिडवत होतं. दरवर्षी त्याच जागी, तोच भक्तिभाव.

स्पर्धा बघायला आलेल्या शेफालीनं खिळा पाहिला, फोटो पाहिला आणि पोट धरून हसत सुटली. "बघा हो करणी! मला गप बस म्हणालात, दिव्यालाही तेच!"

तेवढ्यात बक्षिसाची ढाल काखेत मारून भवतोष आला. आता खिजवणार म्हणून तारापदनं मान खाली घातली. भवतोषनं खिळा हातात घेऊन निरखला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तारादा, दरवर्षी ढाल नेतो आणि दरवर्षी चार बॉक्स जाळतो रे. आजचे पाच गेले. घरात तोंड दाखवायची सोय नाही. माझ्या मशीनला तेवढा लाल दिवा परत बसवून देशील?"

तारापदनं नाक पुसलं. "देतो," तो म्हणाला. "आधी ती उदबत्ती काढ."