इसाकभाईंचे जुर्चेन आणि माझी चुगली

इसाकभाई तिसेकरांना मी प्रथम पाहिले ते सत्तावन्न साली, कुवेतच्या शुवैख बंदरावर. मुंबईहून बोटीने आलो होतो आणि उलट्या करून अर्धा झालो होतो. कंपनीने मला उतरवून घ्यायला त्यांना, आपल्या स्टोअरकीपरना, पाठवले होते. त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलली आणि म्हणाले, "पुण्याचे का? मी हर्णैचा. आधी लिंबूपाणी घ्या, ऑफिस कुठं पळून जात नाय."

त्या दिवसापासून खैतान वस्तीतल्या एकाच खोलीत आम्ही दोघे राहत आलो आहोत. त्यांच्या साठीनिमित्त इथले आपले मराठी मंडळ काढत असलेल्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर जाणकार लिहितीलच. मला मात्र एक गोष्ट सांगायची आहे. ती मी सात वर्षे कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या कंपनीचे कुवेती मालक ससाणे पाळतात. त्यांनी एकदा सहज विचारले, पांढरा ससाणा मुळात येतो कुठून? इसाकभाईंनी ते मनावर घेतले. परत गेलेल्या एका इंग्रज इंजिनिअरच्या पुस्तकांत त्यांना उत्तर सापडले आणि उत्तरासोबत सापडले जुर्चेन: चीनच्या ईशान्येकडच्या जंगलांत, नद्यांकाठी राहणाऱ्या टोळ्या. पुढे त्यांनी हाँगकाँगच्या एका निवृत्त शाळामास्तरांशी पत्रव्यवहार जमवला. मास्तर जुन्या चिनी बखरींतले उतारे स्वतःच्या हाताने उतरवून, खाली इंग्रजी अर्थ लिहून पाठवीत. त्यावरून इसाकभाई मराठीत या टोळ्यांचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा इतिहास लिहीत होते.

मला त्यात काडीचा रस नव्हता. एकदा म्हणालो, "इसाकभाई, हे लोक आपले कोण लागतात?"

"कोणी नाय. म्हणून तर वाचतो. आपल्या माणसांची बाजू आपण न वाचताच घेतलेली असते."

बासष्टच्या ऑक्टोबरात चीनशी लढाई पेटली. माझा धाकटा भाऊ वसंत फौजेत होता, ईशान्य सरहद्दीवर नेफाच्या डोंगरांत. रेडिओवर रोज एकेक ठाणे पडल्याचे ऐकू येई. वसंताचे पत्र नाही, घरून तार नाही.  आणि अशा एका संध्याकाळी मी कामावरून परतलो, तर इसाकभाई खिडकीशी बसून चिनी अक्षरे गिरवीत होते.

माझे डोके फिरले. दुसऱ्या दिवशी मी लेबर ऑफिसरसाहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "स्टोअरकीपरला चिनी पत्रे येतात. पेटीत गठ्ठे आहेत."

एवढेच बोललो. पण दुपारपर्यंत इसाकभाईंची पेटी ऑफिसात गेली होती, त्यांना कामावरून काढून घरी बसवले होते आणि चौकशीत समाधान झाले नाही तर पुढच्या बोटीने परत पाठवू असे बजावले होते. हर्णैला त्यांच्यावर सात माणसे अवलंबून होती. बोट दहा दिवसांनी होती.

ते दिवस मला अजून लख्ख आठवतात. इसाकभाई खोलीत बसून असत. मी परतलो की ते आधी विचारीत, "वसंताची काय खबर?" रेडिओची खरखर काढून ते मला बातम्या लावून देत. माझ्या नावाने पुण्याला तार करायला ते उन्हातून पोस्टापर्यंत चालत गेले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हते. बोलायला तोंड उघडी आणि नुसते पाणी मागे.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, नमाजाहून परतून ते ताटे मांडत होते. मी एकदम म्हणालो, "इसाकभाई, तुमची चुगली मीच केली."

त्यांनी हातातले ताट खाली ठेवले. "ठाऊक हाय. पाकिटावर पत्ता इंग्रजीत असतो. आत चिनी हाय, ते या खोलीबाहेर कोणाला कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"राग आला होता. पहिल्या दिवशी तर लय आला. पण तुमचा भाऊ तिथं बर्फात. तुमच्याशी भांडायचं कसं?" ताट पुन्हा उचलून ते म्हणाले, "आता एक करा. साहेबांनी मला सोमवारी बोलावलंय. माझं मी सांगितलं तर कोण ऐकणार? तुम्ही सांगा, त्या कागदांत काय हाय ते."

"मला ठाऊकच नाही हो!"

"मग बसा. दोन दिवस हायत."

अशा रीतीने मी त्यांचा शिष्य झालो. दोन दिवस ते सांगत होते आणि मी परीक्षेला बसणाऱ्यासारखा घोकत होतो.

सोमवारी ऑफिसात मालकही हजर होते. मुंबईत व्यापार केलेला माणूस, हिंदी उत्तम. हातमोज्यावर टोपी घातलेला ससाणा होता.  मी सांगू लागलो. जुर्चेनांवर खितान या शेजारच्या लोकांचे राज्य होते. खितानांना पांढरे ससाणे हवे असत. ते मिळत आणखी पूर्वेला, परक्या टोळ्यांच्या मुलखात. म्हणजे जुर्चेनांनी दर वर्षी लढून, माणसे गमावून, दुसऱ्याच्या शिकारीसाठी पाखरे आणायची. खितानांचे दूत येत ते गावातल्या बायकांची अब्रू घेत. एकदा खितानांच्या बादशहाने मेजवानीत साऱ्या टोळीप्रमुखांना आपल्यापुढे नाचायला सांगितले. एक जुर्चेन सरदार उठला नाही. पुढे काही वर्षांतच त्याच्या लोकांनी ते राज्य उलथून टाकले आणि स्वतःचे उभे केले.

मालकांनी ससाण्याच्या पाठीवरून बोट फिरवले. "परिंदे के लिए?" त्यांनी विचारले.

"जी. नेहमीच्या अपमानासाठी. पाखरू निमित्त," इसाकभाई हिंदीत म्हणाले.

 मालक लेबर ऑफिसरसाहेबांशी अरबीत दोन वाक्ये बोलले आणि पेटी परत मिळाली. चाळीसेक कागद मात्र वरच्या चौकशीला गेले होते, ते आलेच नाहीत. मास्तरांनी ते पुन्हा उतरवून पाठवले. त्यालाच दोन वर्षे गेली. हे नुकसान माझ्यामुळे झाले, म्हणून येथे नोंदवतो.

डिसेंबरात वसंताचे पत्र आले, आसामातल्या इस्पितळातून. पायाची दोन बोटे गेली, जीव वाचला. पत्र आधी इसाकभाईंनी वाचले. मला अक्षरे दिसत नव्हती.

आज त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. मजकूर मी लिहून घेतो. त्यांचा जुर्चेनांचा इतिहास जवळजवळ पुरा झाला, पण मंगोल येतात आणि जुर्चेनांचे राज्य बुडते, ते प्रकरण त्यांनी वर्षभर हाती घेतलेले नाही. मी विचारले तर म्हणाले, "हिंमत होत नाय. इतकी वर्षं त्यांच्यात राहिलो."

मी स्वभावाने भित्रा आहे. ते औषध डोळ्यांत घालायला विसरतील, ऑपरेशन लांबवतील, गावी जाऊन वह्या मिटतील, अशी धास्ती मला रोज असते. म्हणून मंडळातर्फे इसाकभाईंना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य चिंतताना माझी एक मागणी आहे. बुडालेल्या त्या राज्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी जुर्चेनांचेच वंशज परत उठले आणि अवघ्या चीनवर राज्य करू लागले, हे मला त्यांनीच शिकवले आहे. इसाकभाई, तिथपर्यंत सांगा. मी लिहून घ्यायला बसलो आहे.