अप्पांचा डावा हात आणि शिवानीची जाड पुस्तकं

दोन घरांच्या मधली भिंत छातीएवढीच असली, की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. शेवग्याच्या शेंगा पडतात तसे ते आपोआप इकडं पडतात. आमच्या परभणीतल्या गल्लीत मला भोचक म्हणतात. म्हणू द्या! मी काही भिंतीला कान लावत नाही. मागच्या अंगणात भाजी निवडायला बसते, तिथं ऐकू येतं, त्याला मी काय करू?

भिंतीपलीकडं बसवंतअप्पांचं घर. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं भुसाराचं दुकान, आता मुलगा बघतो. नात शिवानी फिजिओथेरपी शिकते. फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे! मुद्दाम लिहिते, कारण मी एकदा तसं म्हणाले, तर पोरीनं माझ्याकडचा चहा बंद केला होता.

*

कॉलेज सुरू झालं तेव्हा तिच्या पुस्तकांचं खोकं आलं. रिक्षावाला आणि आमचे हे, दोघांनी मिळून उतरवलं. मी मदतीला गेले, म्हणजे बघायला. वरचंच पुस्तक उघडलं, तर आत एक माणूस उभा, अंगावर कातडीच नाही! नुसता लालभडक, दोरखंडानं विणलेल्या बाजेसारखा.

“अगं बाई, ह्याला काय झालं गं?”

“काही नाही काकू,” शिवानी म्हणाली, “त्याची तब्येत एकदम चांगली आहे!”

*

त्यात एक पुस्तक आपली तब्येत आपण कशी सांभाळावी, ह्याचं होतं. वजन उचलताना कमरेत वाकायचं नाही, पाठ ताठ ठेवून गुडघ्यात बसायचं, असं शिवानीनं साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं.

हे जिंतूरकडच्या शेतातून तुरीचं पोतं घेऊन आले. म्हणाले, “आज पुस्तकाप्रमाणं उचलतो.” पाठ ताठ केली, गुडघे वाकवले, पोत्याला मिठी मारली आणि तिथंच थांबले. वर पोतं येईना आणि हे बी येईनात!

शिवानी भिंतीवरून बघायली होती. हे तसेच बसून ओरडले, “पोरी, पुढचं पान सांग लवकर!”

*

मग तिला कोन मोजायची एक प्लास्टिकची पट्टी मिळाली. गुडघा किती वाकतो, खांदा किती वर जातो, सगळं ती मोजायची. गल्लीतला एक सांधा तिनं सोडला नाही. बायका दळणाच्या रांगेत एकमेकींना आपापले कोन सांगायला लागल्या.

झरीची भाजीवाली मावशी रोज आमच्या दारात टोपलं उतरवते. ती हे सारं बघत होती. शिवानीला म्हणाली, “ताई, आमच्या घरला चल एक डाव.”

“गुडघा दुखतोय का मावशी?”

“न्हाई गं. मी घरी आले म्हणलं, की आमच्या सुनंचं तोंड किती वाकडं होतंय, तेवढं मोजून दे!”

*

आता अप्पांचं सांगते. माणूस शिस्तीचा. एकदा मी भिंतीवरून पिठल्याची वाटी दिली. उजवा हात पिठात भरलेला, म्हणून डाव्या हातानं दिली. अप्पा जागचे हलले नाहीत.

“मंगल, देणं-घेणं उजव्या हातानं. जा, हात धुऊन ये.”

मी गेले, हात धुतला, परत आले, उजव्या हातानं तीच वाटी दिली. तोवर पिठलं गार झालं होतं. अप्पांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, “पिठलं गरम द्यावं माणसानं!”

*

त्याच अप्पांना लकवा मारला. जीव वाचला, पाय सावरला, बोलणंही महिन्याभरात ताळ्यावर आलं. डावी मूठ मात्र मिटली ती मिटलीच.

ही मंडळी लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्याकडं एकटक बघत पूजा करायची, मगच अन्न. अप्पांचा हा नेम कधी चुकला नव्हता. आता तळहातच उघडेना. मुलगा आपल्या हातावर लिंग धरायचा, अप्पा उजव्या हातानं बेल वाहायचे. वाहून झालं, की समोरचं ताट ढकलायचे. “पूजा पोराच्या हातावर झाली. मग भाकर बी त्यालाच वाढा.”

आग्रहानं खाल्लेल्या अर्ध्या भाकरीवर माणूस किती दिवस काढणार? सदरा अंगावर लोंबायला लागला. घर नुसतं सुतकात असल्यासारखं.

मठातले स्वामी भेटायला आले. समजावून म्हणाले, “अप्पा, अडचणीला उजवा तळहात चालतो. देव काय हात बघतो का?”

“मग लिंग दिलं तवा डावाच हात पुढं कर, असं का म्हणाला होता तुमी?”

स्वामी शिवानीकडं वळून म्हणाले, “पोरी, ह्यांचा डावाच हात उघड बाई. माझ्याच्यानं हे होणार न्हाई!”

*

शिवानीनं पुस्तकं अंगणात मांडली. पहिलं काय, तर पेशंटला त्याचं ध्येय विचारायचं, असं त्यात लिहिलेलं. ही वही-पेन घेऊन बसली.

“अप्पा, तुमचं ध्येय काय?”

“तुझी बडबड बंद व्हावी.”

“ते सोडून दुसरं सांगा.”

अप्पांनी मिटलेली मूठ नुसती तिच्यासमोर धरली. तिनं काय लिहायचं ते लिहिलं.

मग तिनं बाजारातून रबरी चेंडू आणला. अप्पांनी तो उजव्या हातानं भिरकावला, तो आमच्या कढीत! “मी काय अंगणवाडीत हाय व्हय?” मी चेंडू धुऊन परत दिला. कढी आम्ही खाल्ली, काय करता.

रात्रभर पोरगी पुस्तकात डोकं घालून बसली. सकाळी चेंडू कपाटात गेला. मला म्हणाली, “काकू, माझंच चुकलं. ह्या मुठीला धरता येतंयच. तिला सोडायला शिकवायचंय.”

*

शिवानीची परीक्षा आली. चार दिवस अप्पांची बोटं हळूहळू सरळ करायचं काम तिनं आमच्या ह्यांच्यावर सोपवलं. पुस्तकातलं चित्र दाखवलं, खूण घातली. हे रिटायर झाल्यापासून रिकामेच, लगेच तयार झाले.

हे अप्पांच्या शेजारी बसायचे, मांडीवर पुस्तक. चित्रातला माणूस आपल्याकडं तोंड करून बसलेला, त्यामुळं त्याचा डावा हात पानावर उजवीकडं दिसतो. ह्यांनीही अप्पांचा उजवीकडचाच हात धरला! दोन्ही वेळ, मन लावून. मी भिंतीवरून बघायची, मला वाटायचं काय छान उघडायलाय हात!

शिवानी परीक्षा संपवून आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. “काका, हा हात तर चांगला आहे!”

ह्यांनी पुस्तक मिटलं. ती अप्पांवर उखडली, “तुम्ही तरी सांगायचं!”

“कशाला सांगू?” अप्पा म्हणाले. “दुखंना बी, आन् लय बरं वाटायलं होतं!”

*

पण पोरगी हट्टाची, त्यांचंच रक्त. दुसऱ्या दिवशी तिनं पाटावर ताट ठेवलं, ताटात विभूती पसरली आणि अप्पांना म्हणाली, “घ्या, फेका.”

अप्पा बघतच राहिले. चेंडू फेकता येतो. विभूती कशी फेकणार?

“ह्या हाताची तीन बोटं लावायची,” शिवानी म्हणाली, “आणि माझ्या कपाळावर ओढायची. तुम्ही ओढल्याशिवाय मी कॉलेजला जाणार नाही.”

पहिल्या दिवशी विभूती डोळ्यात गेली. मग नाकावर, मग कानापाशी. बोटं उघडायचीच नाहीत, नुसती मूठ घासली जायची. अप्पा घामाघूम व्हायचे, शिव्या द्यायचे. ही पुढं डोकं धरून बसलेली. तिची आई टॉवेल घेऊन यायची, तर ही पुसूही द्यायची नाही. तशीच कॉलेजला!

वर्गात सरांनी विचारलं, “काय गं, धुळवड आहे का आज?”

“नाही सर, घरचा अभ्यास आहे!”

मग गल्लीला रिपोर्ट बघायची गरजच उरली नाही. पोरगी सकाळी सायकलवर निघाली, की सगळे तिचं कपाळ वाचायचे. “आज दोन बोटं उमटलीत.” “आज तिसरं बी हाय, पण तिरकं.” मधे थंडीत हात पुन्हा आखडला, कपाळावर नुसता डाग. त्या दिवशी दळणाच्या रांगेतल्या बायकांनी आपापले डबे उचलले आणि घर गाठलं. ती मात्र तसाच डाग मिरवत गेली, मान वर करून.

आणि एका सोमवारी तिनं दारात सायकल थांबवली, माझ्याकडं तोंड केलं. कपाळावर तीन रेघा. सरळ!

*

त्याच आठवड्यातली सकाळ. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, तेवढ्यात पलीकडून अप्पांचा आवाज आला, “शिवानी, लिंग दे. हातावर.” मी मागच्या अंगणात धावले; अप्पा खाली बसलेले, तळहात नीट दिसावा म्हणून पालथ्या बादलीवर चढले.

अप्पांनी डावा तळहात मांडीवर ठेवला होता. उघडा होता, पण बोटं अजून आत वळत होती. शिवानीनं लिंग त्यावर ठेवलं आणि खाली आपली ओंजळ धरली.

“हात काढ.”

“अप्पा, पडलं तर?”

“पडलं तर तुझं पुस्तक नापास, मी न्हाई. काढ.”

तिनं ओंजळ काढली. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी, हातात पळी. अप्पांनी बेल वाहिला, विभूती लावली. मग नुसते बघत बसले. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही. माझं दूध सगळं उतू गेलं.

पूजा झाल्यावर अप्पांनी लिंग गळ्यात बांधून घेतलं, काठी टेकत भिंतीपाशी आले. मी बादलीवरून उतरायलाच विसरले होते.

“चोरून काय बघतीस? प्रसाद घे.”

भिंतीवरून एक हात माझ्यापुढं आला. तळहातावर खडीसाखर. हात डावा होता.

“अप्पा… डाव्या हातानं?”

“उजव्या हातानं तर कुणी बी देतंय, मंगल. घे!”