माशाला शिळं पाणी
टँकरच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास आला की लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं तेव्हाचा दुष्काळ आठवतो. धाकटा भाऊ जाऊन महिना झाला होता आणि त्याचा सोनेरी मासा काचेच्या पेटीत आडवा पडला होता. आईनं तो बरणीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेला. मी सोबत होतो. "माय, ह्याला बी वेसण घालायची का?" बैल घेऊन आलेला एकजण हसला. डॉक्टरांनी बरणीतलं पाणी हुंगलं. "कधी बदललं?" "टँकर आला की बदलते. लेकराच्या माशाला शिळं कसं ठेवू साहेब?" "त्या ताज्या ब्लीचिंगनंच गुदमरायलाय तो. शिळंच घाला." घरी येऊन आईनं उघड्या घागरीतलं परवाचं पाणी पेटीत ओतलं. संध्याकाळी मासा सरळ पोहू लागला. आता आईही नाही. त्या दिवशी तिनं महिन्याभरात पहिल्यांदाच मागून घेतलेली दुसरी भाकरी तेवढी डोळ्यांपुढे आहे.