ॲनाबाई आत यायच्या आधी

उजव्या कानाला इमिग्रेशनचे साहेब, डाव्या कानाला किल्लारीच्या महादेवी अक्का. मी हैदराबाद एअरपोर्टच्या बाहेर दोन फोन धरून उभा. जीपचा ड्रायव्हर माझ्याकडं बघून हसून राहिला होता.

मी लातूरच्या एका ट्रॅव्हल्समध्ये कामाला. ॲनाबाई आमच्या जुन्या क्लायंट. जर्मन. किल्लारीत अक्कांकडं भाड्यानं राहायच्या. भूकंपात अक्कांच्या घरातलं कुणी वाचलं न्हाई. आता बाई हेच त्यांचं माणूस. पण बाई टुरिस्ट व्हिसावर. एका दमात सहा महिनेच राहता येतं. मग काठमांडूला जायचं, परत आत यायचं, नवे सहा महिने सुरू. याला आम्ही व्हिसा रन म्हणतो.

बाई निघाल्या की अक्का त्यांची खोली झाडत न्हाईत. आमच्याकडं माणूस गावाला गेलं की पाठोपाठ झाडू मारत न्हाईत. मयत उचलल्यावर झाडतात. अक्का तर बाई येईपर्यंत त्या खोलीत पाऊलच टाकायच्या न्हाईत. त्या साली दुष्काळ. पाणी टँकर येईल तेव्हा, धूळ मात्र रोज. खोलीत पिठासारखा थर बसलेला.

आता माझं. मला नकलांचा नाद. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करून मार खाल्लाय. बाईंची नक्कल एकदम हिट. "अक्का, टँकर आला काय?" जर्मन नाकातून किल्लारीची मराठी. अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या. तो आवाज दोघांनाच जमतो. बाईंना अन् मला.

त्या दिवशी बाई काठमांडूहून उतरल्या अन् काउंटरवर अडकल्या. साहेब बाईंच्याच फोनवरून बोलत होते. ही टुरिस्ट इतकी वर्षं तिथं काय बघून राहिली, असं विचारत होते. मी खरोश्याच्या लेण्या सांगितल्या. ते म्हणाले, लेण्या एका दिवसात बघून होतात.

तेवढ्यात डाव्या कानात अक्का बोलल्या, "संजू, गाडी माघारी आण. बाई आली बघ."

"अक्का, बाई हितं हायत. आत, काउंटरवर."

"न्हाई रं. खोलीत हाय. धुळीत पावलं उमटल्यात. आत गेल्याली. भाईर आल्याली न्हाईत."

मी बोलणार, तर अक्कांच्या मागून ऐकू आलं, "अक्का, टँकर आला काय?"

उजव्या कानात बाई साहेबांना इंग्लिशमध्ये विनवून राहिल्या होत्या. मी तोंड मिटून उभा होतो. ड्रायव्हरचं हसू गेलं. त्यानं विचारलं, काय झालं रे.

बाईंना आत घेतलं न्हाई. तिथूनच काठमांडूला माघारी धाडलं. मी रिकामी जीप घेऊन किल्लारीला गेलो. पावलं होती. अनवाणी, लांबट, उंबऱ्यापासून खाटेपर्यंत. खाटेवर कुणी न्हाई. शेजारीण अक्कांना समजावत होती, ती आता येत न्हाई, खोली झाडून घ्या.

अक्का म्हणाल्या, "आत आल्याल्या माणसाला कोण झाडून काढतं?"

खोली तशीच राहिली. बाई जर्मनीला गेल्या, तिथं सगळं खरं सांगून लांब मुदतीचा व्हिसा काढला, अन् सुगीच्या दिवसांत परत आल्या. उंबऱ्यावर चपला काढल्या. काही न विचारता त्या पावलांवर पाऊल ठेवत खाटेपर्यंत गेल्या. एकही चुकलं न्हाई. मग अक्कांकडं झाडू मागितला.

आता नव्या क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगतो, टुरिस्ट व्हिसावर घर करू नका. नकला मी अजून सगळ्यांच्या करतो. ॲनाबाईंची तेवढी न्हाई. ती करायला दुसरं कुणीतरी हाय.